कशासारखं?

व्हिएतनाममधल्या हालाँग बेतल्या सुंग सोत गुहेत गाइडने लेझरचा हिरवा ठिपका एका उभ्या दगडावर टेकवला आणि म्हणाला, "शिवा! शिवलिंगम!" आमच्या ग्रुपमधले पाच-सहा हात आपोआप जोडले गेले. एका काकांनी तर बूट काढावेत का म्हणून खाली पाहिलं, मग ओली वाट बघून बेत रद्द केला. दगडावर खालून गुलाबी दिवा सोडलेला, हवेत दमट कोंदट वास आणि गर्दी इतकी, की मागच्या ग्रुपचा श्वास मानेवर येत होता. तो ग्रुप युरोपातल्या कुठल्याशा देशाचा. आम्ही दहा पावलं सरकलो तेवढ्यात त्यांच्या गाइडने त्याच दगडावर आपला ठिपका टेकवला, काहीतरी म्हणाला. क्षणभर सगळे गप्प, आणि मग असा हशा पिकला की काय सांगितलं असेल हे विचारायची गरजच उरली नाही. काकांचे हात अजून जोडलेलेच होते.

मला राग आला नाही, हे आधीच सांगून टाकते. हसणाऱ्यांचा नाही आणि हात जोडणाऱ्यांचाही नाही. आकार एकच होता आणि दोन्हीकडे खोटं कुणीच बोललं नव्हतं. बाहेर आल्यावर मी आमच्या गाइडला गाठलं आणि विचारलं, तुला हे 'शिवा' कुणी शिकवलं? हनोईचा पंचविशीतला पोरगा, इंग्रजी भराभर बोलणारा. म्हणाला, पूर्वी मी भारतीयांनाही तेच सांगायचो जे बाकीच्यांना सांगतो, मग एक बाई माझ्यावर खूप रागावल्या आणि हे शिकवून गेल्या. आता भारतीय पुष्कळ येतात, सगळे खूश होतात. वर त्याने मलाच विचारलं, "बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! पण तिथून पुढे दिवसभर, आणि खरं तर घरी परतल्यावरही, तो ठिपका माझ्या डोक्यातून गेला नाही. दगड तिथे उभाच होता. त्याला कुणीतरी काहीतरी ठरवल्याशिवाय आम्हाला पुढे सरकता येत नव्हतं.

हालाँग बेची एक दिवसाची क्रूझ म्हणजे दिवसभर हेच चालतं. पहाटे हनोईहून बस, अडीच-तीन तासांत तुआन चाऊ बंदर. मग लाइफ जॅकेट कुठे आहेत, कशी घालायची, याचं प्रात्यक्षिक. ते आम्ही जरा जास्तच मन लावून पाहिलं. २०२५च्या जुलैत अचानक आलेल्या वादळात याच पाण्यावर एक पर्यटक बोट उलटली आणि पस्तीसहून अधिक माणसं गेली. ग्रुपमधल्या प्रत्येकाने ती बातमी घरी वाचलेली होती आणि बोटीवर एकानेही तिचा विषय काढला नाही. आत्याने तेवढं जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि खिडकीजवळची जागा सोडून दाराजवळची धरली. आत्या माझ्याबरोबर येणार म्हणून मी या सहलीत नाव घातलं होतं. वय एकाहत्तर, गुडघे अधूनमधून संपावर, माहेर हर्णैचं. जन्मापासून समुद्र पाहिलेला असल्यामुळे समुद्राने तिला भारावून टाकायला बरेच कष्ट घ्यावे लागतात.

बंदर मागे पडलं आणि धुक्यातून बेटं पुढे यायला लागली. आधी फिकट राखाडी, मग जरा गडद, मग एकदम हिरवी आणि इतकी जवळ, की कड्यावरच्या भेगेतून उगवलेलं झुडूप पानापानांनी दिसावं. पाणी हिरवट आणि जवळजवळ सपाट, कारण बाहेरची लाट आत येईपर्यंत शेकडो बेटांना आपटून दमते. इंजिनाची धडधड पायांतून वर येत होती, डिझेलचा वास आणि स्वयंपाकघरातून तळणीचा. प्रत्येक बेटाच्या पायथ्याशी, पाण्याला लागून, दगड आत खोल खाल्लेला. वर कडा पुढे आलेला आणि खाली खाच. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना माइकवरून सूचना आली: डावीकडे बघा, कोंबडा आणि कोंबडी.

हे इथलं सगळ्यांत प्रसिद्ध जोडपं. समोरासमोर उभे दोन सुळके, पायाशी इतके निमुळते, की अजून उभे कसे असा प्रश्न पडतो. गंमत अशी की ते कोंबडा-कोंबडी दिसतात एकाच कोनातून. त्या कोनावर बोटी नंबर लावून थांबतात, फोटो झाले की बाजूला होतात. पन्नास हात पुढे गेलं की दोन दगड उरतात. त्याच्या जवळच एक चार पायांवर उभा राहिल्याचा भास होणारा खडक आहे, त्याला धूपदान म्हणतात, आणि तो व्हिएतनामच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर छापलेला आहे. मग काय, बोटीतल्या प्रत्येकाने नोट काढली, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि नोटेवरचा दगड खऱ्या दगडाशी जुळवून पाहिला. जुळला की समाधान. सरकारने छापून दिलेला आकार, त्यात शंका कसली! वाऱ्याने एकाची नोट उडाली, आणि पुढची पाच मिनिटं धूपदानाकडे कुणी पाहिलंच नाही.

"दिसला का?" मी आत्याला विचारलं.

"काय?"

"कोंबडा."

"नाही बाई. दगड दिसला. छान आहे."

मग कुत्रा आला, मग कासव, मग एक माणसाचा चेहरा. आत्याला काहीच दिसेना. आधी मला वाटलं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्म्याचा घोळ असेल. मग शेजारच्या काकू तिला मदत करायला लागल्या. ते बघा नाक, ही हनुवटी, आणि तो डावीकडचा काळा भाग आहे ना, तो डोळा. आत्या नम्रपणे मान हलवत राहिली. मला स्वतःला मात्र सगळं दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, दिसलं की आनंदही होत होता. कोडं सुटल्याचा आनंद. फक्त एकदा कोंबडा दिसला, की नंतर त्या जागी पुन्हा दगड दिसत नाही. तो गेला तो गेलाच.

यावर विचार करताना मला वाटलं, यात आपल्या घडणीचाही भाग असावा. आपण काळ्या दगडाच्या प्रदेशातली माणसं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, टणक बेसाल्ट. पाण्याने पोखरून आत मैलोन् मैल दालनं व्हावीत असा तो दगडच नाही. त्यामुळे आपल्याकडे गुहा म्हणजे बहुतेक वेळा लेणी, आणि लेणं म्हटलं की छिन्नी घेतलेला माणूस आलाच. मुंबईहून लाँचने तासाभरात घारापुरीला उतरावं, धापा टाकत पायऱ्या चढाव्यात आणि अंधाराला डोळे सरावले की समोर वीस फुटांचा सदाशिव. तिथे 'कशासारखं दिसतंय' हा प्रश्नच नाही. ज्याने कोरलं त्याला ते माहीत होतं, त्याने ठरवून केलं, आणि आपण फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तेही तिथल्या दगडी हत्तीवरून, आणि तो हत्ती खराच कुणीतरी घडवलेला हत्ती होता. आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. अशा ठिकाणांवर वाढलेला माणूस सुंग सोतसारख्या गुहेत शिरला, की नकळत शिल्पकार शोधायला लागतो. आणि इथे शिल्पकार नाही. आतला एकही आकार कुणी केलेला नाही. मग ठिपका लागतो. छिन्नीचं काम लेझर करतो.

अर्थात हे स्पष्टीकरण सगळं आपल्याच पदरात टाकणारं आहे. युरोपातल्या त्या मंडळींकडे चुनखडीच्या गुहा ढिगाने आहेत, तरी त्यांनाही ठिपका लागलाच की.

सुंग सोत ही खाडीतल्या सगळ्यांत मोठ्या गुहांपैकी. १९०१ मध्ये फ्रेंचांना ती सापडली असं सांगतात, म्हणजे बाहेरच्या जगासाठी सापडली. कोळ्यांना ती ठाऊक असणारच. पायऱ्या चढून आत गेलं की पहिलं दालन, मग एक अरुंद वाट, आणि मग एकदम दुसरं दालन, जिथे आवाज बदलतो. पायांचा आवाज खाली राहतो आणि बोलण्याचा वर जाऊन परत येतो. लोक खाली रांगेने उगवलेल्या खांबांकडे बघत होते. मला धरून ठेवलं ते छताने. सगळं छत गुळगुळीत खळग्यांनी भरलेलं, खळग्याला खळगा लागून, कडा बोटाने घासून बोथट कराव्यात तशा नाजूक. गुहा पाण्याने भरलेली होती तेव्हा वाहत्या पाण्याच्या भोवऱ्यांनी दगड विरघळत गेला, त्याच्या या खुणा. मी मान वर करून एवढा वेळ उभी राहिले, की मागच्याने "मॅडम, प्लीज" म्हटलं. त्या छताकडे कुणी ठिपका टाकला नाही. ते कशासारखंच दिसत नव्हतं.

सगळी गुहा दोन उलट कामांतून झालेली आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगांतून उतरताना चुनखडी खातं. तेच पाणी गुहेच्या मोकळ्या हवेत लोंबकळलं की तो वायू सोडून देतं, आणि मग पोटात घेतलेला चुना त्याला धरून ठेवता येत नाही. थेंब पडायच्या आधी थोडासा छताला चिकटतो, पडल्यावर थोडासा जमिनीवर. वरून झुंबर उतरतं, खालून खांब चढतो. दगड मूळचा तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ, त्यात शिंपल्या आणि प्रवाळांचा चुरा. त्याचे डोंगर झाले, पावसाने डोंगरांचे सुळके केले, आणि शेवटचं हिमयुग ओसरून समुद्र चढला तेव्हा सुळक्यांच्या मधल्या दऱ्यांत पाणी शिरलं. आपण बोटीतून फिरतो त्या या दऱ्या. युनेस्कोने हालाँगला १९९४ मध्ये जागतिक वारसा म्हटलं ते देखणेपणासाठी, आणि मग २००० मध्ये पुन्हा एकदा, त्याच्या भूशास्त्रासाठी. आधी कसं दिसतं, सहा वर्षांनी कसं झालं. माझाही क्रम तोच होता, मला जरा लाज वाटायची ती कमी झाली.

त्या गुलाबी दगडापाशी हात न जोडलेली आमच्या ग्रुपमधली एक व्यक्ती म्हणजे आत्या. ती नास्तिक वगैरे नाही. सोमवार करते, श्रावणात शिवामूठ वाहते. पण तिथे तिने मान वर करून छताकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "पिंडीवर थेंब कुठून पडतोय बघ." त्या दिवशी थेंब पडत नव्हता, निदान आम्हाला दिसला नाही. पण ती बरोबर ठिकाणी बघत होती. तो खांब उभा राहिला तो वरून पडलेल्या थेंबांनीच. आपल्या देवळात पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं असतं, त्याच्या संततधारेने वर्षानुवर्षांत पिंडीवर खळगा पडतो, आणि इथे त्याच थेंबाने पिंड वाढवत नेलेली. दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या उपमांपैकी ही एकच मी जवळ ठेवली, आणि ती आकाराची नाहीच. तिने आकाराकडे पाहिलंसुद्धा नसावं.

दुपारनंतर टिटॉव्ह बेट. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान टिटॉव्ह १९६२ मध्ये हो चि मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता, म्हणून बेटाला त्याचं नाव. एक तरी बेट आकारावरून न ओळखलं जाणारं, म्हणून मला ते आधीच आवडलं होतं. हा टिटॉव्ह १९६१च्या ऑगस्टमध्ये पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या मारून आला, अंतराळात झोपणारा पहिला माणूस, आणि अंतराळात मळमळ होऊन उलटी झालेलाही पहिला. बोटीत आल्याचा तुकडा चघळत बसलेल्या आमच्या दोघातिघांना हे कळल्यावर बराच धीर आला. वर चारेकशे पायऱ्या आहेत. आत्या खाली वाळूवर बसली आणि मी चढले. घामाने चष्मा सरकत होता, वळणावळणावर लोक कठड्याला टेकून पाणी पीत होते. माथ्यावर पोचलं आणि खाली पाहिलं, तर सगळ्या बेटांचे आकार गेलेले. कोंबडा नाही, कुत्रा नाही, धूपदान नाही. हिरवे माथे एकामागे एक, मोजायचा प्रयत्न केला की दोन एकमेकांत मिसळायचे. खाडीत दीड हजारांहून जास्त बेटं आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना नावच नाही. कशासारखी दिसत नाहीत म्हणून राहून गेली असणार. माथ्यावर सगळे सेल्फी काढत होते, मीही काढला. त्यात माझ्यामागे एक राखाडी पट्टा आलाय, बाकी काही नाही.

लुओन गुहेला मात्र आत्या हट्टाने आली. ती खरं तर गुहा नाही, बेटाच्या पोटातून आरपार गेलेली बुटकी कमान आहे, आणि पलीकडे चारी बाजूंनी कड्यांनी बंद केलेलं तळं. मोठी बोट आत जात नाही, वल्ह्याच्या होडीत बसायचं. आमची होडी वल्हवायला एक बाई होती, डोक्यावर शंकूची टोपी, तोंडाला फुलाफुलांचं फडकं, कोपरापर्यंत हातमोजे. इंग्रजी तिला अजिबात येत नव्हतं आणि आत्यालाही त्याची गरज नव्हती. तिने माझा मोबाइल घेतला, भाषांतराचं अ‍ॅप लावायला सांगितलं आणि मराठीत सरळ विचारलं, "बाई, हा डोंगर कशासारखा दिसतो म्हणतात?" मी तिच्याकडे बघतच राहिले. चेष्टा करत होती की काय, अजून कळलेलं नाही. मोबाइल व्हिएतनामीत काहीतरी बोलला. बाईने कमानीकडे पाहिलं, मग मोबाइलमध्ये दोन वाक्यं बोलली. पडद्यावर मराठी उमटलं: "पाणी वर आहे. डोकं खाली."

आम्ही डोकी खाली केली. कमानीचा दगड केसांवरून गेला. ओला, गार, आणि त्यावर कालवांचे धारदार कवच चिकटलेले. इतक्या जवळून पाहिल्यावर ती पायथ्याची खाच काय आहे ते समजलं. रोज भरती जिथवर चढते तिथवर दगड खाल्ला गेलाय, खारं पाणी आणि दगडाला चिकटून राहणारे बारीक जीव मिळून खातात. बाई त्या खाचेतल्या काळ्या रेघेकडे बघून किती पाणी आहे ते ठरवत होती. दगडाकडे बघण्याचं तिला तेवढंच काम होतं, आणि ते ती दिवसभर करत असते.

पलीकडच्या तळ्यात तिने वल्हं जरा सैल सोडलं. आत्याने मोबाइल पुन्हा पुढे केला आणि चौकशा सुरू झाल्या. कुठे राहता, मुलं किती, पूर्वी काय करायचात. बाईचं माहेर पाण्यावरच्या कोळीवाड्यातलं, तराफ्यांवरच्या घरांचं गाव. २०१४ मध्ये प्रांताने तिथल्या तीनशेहून अधिक कुटुंबांना किनाऱ्यावर हलवलं, वादळाचा धोका, पाण्याचं प्रदूषण आणि पोरांची शाळा अशी कारणं होती. आता घर पक्कं आहे, शाळा जवळ आहे. आणि रोज सकाळी ती बोटीने पुन्हा इथेच येते, वल्हवायला. चांगलं झालं की वाईट, असं आत्याने विचारलं नाही. तिने विचारलं, "आता भरती पुन्हा कधी?"

पडद्यावर आलं: "उद्या."

आत्याने मोबाइल माझ्याकडे परत दिला. हे यंत्र बिघडलंय म्हणाली. भरती दिवसातून दोनदा, सहा तास भरती, सहा तास ओहोटी, हे काय कुणी सांगायला पाहिजे? मी पुन्हा विचारायला लावलं, पुन्हा तेच. बाईने एक बोट वर करून दाखवलं: एक. दिवसाला एकच. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सकाळपासून एका दगडाने जे साधलं नव्हतं ते त्या एका बोटाने साधलं.

बाई खरंच सांगत होती. या आखाताच्या ठेवणीमुळे इथे दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी येते. परतीच्या बोटीवर सगळे डेकवर फळं खात, गाणी म्हणत मावळतीचे फोटो काढत होते, आणि आत्या बोटांच्या पेरांवर हिशोब करत होती. हर्णैला पोरासोरांनाही पाठ असतो तो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "आज तिथी काय गं?" मी सांगितली. तिने पाऊणपट केली, कमानीतल्या पाण्याशी ताडून पाहिली, आणि मान हलवली. बसमध्ये बसल्यावर मी मोबाइलवर शोधून तिला वाचून दाखवलं, की इथलं पाणी किती चढतं-उतरतं ते अमावस्या-पौर्णिमेपेक्षा चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलाय यावर ठरतं. लांब गेला की मोठी भरती, विषुववृत्तावर आला की पाणी जेमतेम हलतं.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. पुढच्या सीटवरच्या काकू कोंबड्याचा फोटो घरी पाठवण्यात गुंतल्या होत्या.

"म्हणजे इथे तिथी नाही, नक्षत्र बघायला हवं," ती म्हणाली. "चंद्र मृगात असला की उत्तरेला, मुळात असला की दक्षिणेला. तेव्हा इथे मोठं पाणी. पंचांग आहे का तुझ्या त्याच्यात?"

होतं. हनोई येईपर्यंत तिने मागचा महिना सगळा काढला.